बेअरिंगचा छकडा

सावरटोलीच्या यादोरावांना माणसापेक्षा वस्तूची पारख जास्त, असं त्यांची बायको शकुंतलाबाई म्हणायची, आणि ती काही खोटं बोलत नव्हती. पवनीच्या बाजारातून कुणाला साधी बादली आणायची असली तरी लोक यादोरावांना धरून न्यायचे. ते बादली उलटी करायचे, बुडावर टिचकी मारायचे, कान लावायचे, आणि दुकानदाराचं तोंड तिथेच उतरायचं. रंग, नक्षी, चकाकी या गोष्टींचा त्यांना राग यायचा. अगदी खराखुरा राग, एखाद्यानं तोंडावर खोटं बोलल्यावर येतो तसा. "पैसा कामाचा द्या गा, देखाव्याचा कायले देता?" हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस आसपास सापडला नसता.

पण ही सगळी अक्कल पणाला लागायची ती एकाच गोष्टीत. पटाच्या छकड्यात.

धान कापून, मळून घरात आलं की त्या भागात शंकरपट भरतात, म्हणजे बैलांच्या शर्यती. रिकाम्या बांध्यांमधले, म्हणजे धानाच्या शेतांमधले, बांध फोडून सरळ वाट काढायची, दोन जोड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि सोडायच्या. बैलांमागे छकडा. आता छकडा म्हणजे तरी काय? दोन चाकं, एक दांडी आणि हाकणाऱ्या धुरकऱ्याला टेकण्यापुरती जागा. त्यात ना ओझं न्यायचं, ना माणसं. तो फक्त पळण्यासाठी. तरीही त्याच्यावर लोक जे काही थापायचे! शेजारच्या गावचे वासुदेवराव तर भंडाऱ्याहून पितळेची फुलं आणून दांडीवर ठोकायचे, बसायला मखमलीची गादी, चाकांना लाल-हिरवा रंग. यादोराव ते बघून कपाळावर हात मारायचे. "बाप्पा, नवरी आणली का छकडा आणला?" असं मोठ्यानं विचारायचे, आणि वासुदेवराव दुसरीकडे बघायचे.

यादोरावांच्या स्वतःच्या छकड्यावर एक खिळा फालतू नव्हता. दरवर्षी पट आला की ते ओसरीवर छकडा उलटा पाडून बसायचे आणि एकेक गोष्ट हातात घेऊन विचार करायचे. जाड दांडी काढून वाळलेला बांबू घातला, तो पैसा वसूल झाला. चाकाचे आरे बारीक तासून घेतले, तोही झाला. भंडाऱ्यात कुणीतरी चामड्याचे रंगीत कासरे दाखवले, ते त्यांनी हातात घेऊन परत ठेवले, कारण सुती कासरा तेवढंच काम करतो. घुंगरं काढली. सामान ठेवायची जाळी काढली. "जे काढलं, ते फुकटची चाल," असं ते म्हणायचे, आणि त्यांचं म्हणणं पटावर खरंही ठरायचं. त्यांची पाखऱ्या-लाल्याची जोडी काही फार अंगापिंडाची नव्हती, पण पहिल्या चारात असायचीच. पहिली मात्र कधी आली नव्हती. पहिले यायचे ते वासुदेवराव, पितळेच्या फुलांसकट. हे यादोरावांना किती झोंबायचं ते शकुंतलाबाईलाच ठाऊक.

छकडा हाकायचा तो त्यांचा धाकटा भाऊ धनीराम. अंगानं सडपातळ, बोलायला कमी. बाप लवकर गेला, तेव्हा यादोरावांनीच त्याला वाढवलं, त्याचं लग्न लावलं. त्यामुळे भाऊ म्हणेल ती पूर्व दिशा. बैलांवर त्याचा असा जीव की पट संपल्यावर आधी त्यांचे पाय बघायचा, मग स्वतःच्या अंगावरची धूळ झटकायचा.

त्याची बायको मनकर्णा. तिचं आणि यादोरावांचं बोलणं नव्हतं. भांडण नव्हे हो, रीतच तशी. नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी तोंड उघडून बोलायचं नाही. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती त्यांच्याशी एक शब्दही बोललेली नव्हती. काही सांगायचंच झालं तर दाराआडून जावेला सांगायचं, "जाऊबाई, भासऱ्यायले म्हणावं, पाणी ठेवलं." यादोरावांना ते पाणी दिसत असायचं, शब्दही ऐकू येत असायचे, पण शकुंतलाबाईनं पुन्हा सांगितल्याशिवाय ते उठायचे नाहीत. एका चुलीवरचं खाणारी माणसं, आणि असा कारभार.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात यादोराव भंडाऱ्याला गेले असता एका भंगारवाल्याकडे त्यांना जुन्या बेअरिंगची जोडी दिसली. कुठल्या मशीनची होती कोण जाणे. त्यांनी एक उचललं, बोटावर धरून फिरवलं, कानाशी नेलं. ते फिरतच राहिलं. छकड्याचा आस लाकडी. तो चाकात घासतो, करकरतो, वंगण पितो, तरी बैलांची अर्धी ताकद त्या घासण्यातच जाते. तिथे जर हे बसलं तर? भंगाराच्या भावात आलेली ती वस्तू त्यांनी गमछ्यात बांधून पोटाशी धरून आणली. घरी आल्यावर शकुंतलाबाईला म्हणाले, "यावर्षी वासुदेवरावची फुलं मी मागून पाहत नाही."

गावचे सुतार ईश्वर मिस्त्री यांनी लोखंडी आस घालून बेअरिंगं बसवून दिली. चाक हातानं ढकललं तर बराच वेळ फिरत राहिलं. ईश्वर मिस्त्रींनी ते फिरणारं चाक बघितलं आणि घरात जाऊन बाभळीचा एक ठोकळा घेऊन आले. "हा मागच्या बाजूनं लावून देतो, यादोराव. दोरी ओढली का चाकाले घासंल. थांबवाले काहीतरी पाहिजे ना."

यादोराव हसले. "पटाच्या छकड्याले ब्रेक? अरे, लोक हसतील मिस्त्री. मी वजन काढून राहिलो, अन् तुम्ही घालून राहिले." तरी फुकटची चांगली बाभूळ कोण सोडतो? ठोकळा त्यांनी घरी आणला आणि ओसरीच्या कोपऱ्यात टाकून दिला.

इथेच चुकलं. आणि चुकलं ते वस्तूची पारख असलेल्या माणसाचं, हे जास्त वाईट. लाकडी आसाचं घासणं हाच इतकी वर्षं छकड्याचा ब्रेक होता. ते कुणी लावलं नव्हतं म्हणून कुणाला दिसलं नव्हतं. बैल हळू झाले की छकडा आपोआप मागे रेंगाळायचा. आता बैल हळू झाले तरी छकडा हळू होईना.

सरावाच्या दिवशी धनीराम परत आला. एवढंच म्हणाला, "भाऊ, थांबवतानी मागून लोटते हा."

"लोटते म्हणजे हलका पळते! अरे तेच तर पाहिजे," यादोराव म्हणाले. धनीरामनं मान हलवली. मोठ्या भावाला, बापाच्या जागी असलेल्या माणसाला, "मले भेव लागते" असं कसं म्हणणार? तसं तो म्हणाला नाही.

म्हणाला तो बायकोपाशी. आणि मनकर्णानं तर स्वतःच पाहिलं होतं. संध्याकाळी बैलांना वैरण टाकताना तिला दिसलं की पाखऱ्याच्या मागच्या पायांची साल गेली आहे. तिनं हळद-तेल लावलं तेव्हा एरवी गरीब असलेला तो बैल थरथरत होता. छकडा मागून येऊन त्याच्या पायांवर आदळत होता, आणि आदळला की तो भिऊन आणखी पळत होता, हे तिला तिथे गोठ्यातच समजलं.

पटाच्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी जावेला म्हणाली, "जाऊबाई, भासऱ्यायले सांगा ना. पाखऱ्याच्या पायाची साल गेली, छकडा मारून राहिला त्याले. मिस्त्रीनं देल्ला ठोकळा लावा म्हणावं. आमच्या यायलेही भेव वाटून राहिलं." यादोराव ओसरीवरच होते, पण बाहेर माणसं जमली होती, हलगी वाजत होती. त्यांना काही ऐकू गेलं नाही. शकुंतलाबाईच्या हातात भाकर, डोक्यात पन्नास कामं. ती दारातून ओरडली, "अहो, मनकर्णा म्हणते, तो ठोकळा लावा!"

एवढंच पोचलं. पाय नाही, साल नाही, भेव नाही.

"आता बायाही छकड्यातलं सांगू लागल्या का!" यादोराव म्हणाले. जमलेली माणसं हसली. धनीरामही हसला. दाराआड मनकर्णा उभी होती. चार पावलं पुढे जाऊन सगळं सांगावं असं तिच्या मनात आलं. पण समोर भासरा, त्याच्याभोवती गावची माणसं, आणि ती सून. तिनं पदर पुढे ओढला आणि मागे फिरली.

तलावाच्या पाळीखालच्या बांध्यांमध्ये पट होता. शेवटच्या निशाणापुढे नांगरलेल्या दोन बांध्या ठेवलेल्या असतात, ढेकळांत बैलांचा जोर मोडावा म्हणून. त्यापुढे पाळ, म्हणजे तलावाचा दगडी बांध. वासुदेवरावांची जोडी शेजारी होती. सुटल्याबरोबर पाखऱ्या-लाल्या असे पुढे गेले की लोकांना ओरडायलाही वेळ मिळाला नाही. वासुदेवराव अर्ध्यावर असताना धनीराम निशाणापार होता. यादोरावांनी टोपी वर उडवली. गावच्या पोरांनी गुलाल उधळला. पण धनीराम मागे झुकून कासरे ओढत होता आणि जोडी थांबत नव्हती. बैल हळू व्हायला लागले की छकडा मागून पायांवर बसायचा, आणि ते उधळायचे. ढेकळांच्या बांध्या त्यांनी तशाच पार केल्या. "अबे, ओढ! ओढ!" लोक ओरडत होते. तो ओढतच होता बिचारा. पाळीच्या दगडांवर चाक चढलं आणि छकडा उलटला.

लोक पोचले तेव्हा एक चाक अजून हवेत फिरत होतं. त्याच्याखाली धनीराम. यादोरावांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो बैलांच्या दिशेनं बघायला लागला. भंडाऱ्याला नेण्यासाठी गाडी मिळाली, पण वाटेतच तो गेला. पाखऱ्याचा पाय मोडला होता, त्याचंही पुढे काही खरं नव्हतं.

पंचांनी पहिला नंबर यादोरावांच्याच जोडीला दिला. निशाण तर त्यांनीच आधी ओलांडलं होतं.

पायाची साल, हळद, भेव हे सगळं यादोरावांना तेराव्यानंतर कळलं. शकुंतलाबाईनंच रडत सांगितलं. "तिनं सगळं सांगतलं होतं जी. मीच अर्धं सांगतलं." त्यांनी बायकोला दोष दिला नाही. ते उठले, बांधीकडे गेले आणि दिवसभर तिथेच बसून राहिले. मनकर्णा त्याच घरात राहिली. पाणी ठेवायची, भाकर ठेवायची, आणि दाराआडून जावेकरवी तसंच सांगायची.

पुढल्या हिवाळ्यात वासुदेवराव चार माणसं घेऊन ओसरीवर आले. आधी धनीरामची आठवण काढली, हळहळले, चहा घेतला. मग घसा खाकरून म्हणाले, "यादोराव, ते बेअरिंग कोठचं होतं? यंदा साऱ्यायलेच पाहिजे. तसा छकडा कोणी पाहिला नाही बाप्पा."

आणि काय सांगावं माणसाचं मन! यादोराव सांगायला लागले. नवीन घेऊ नका, जुनं पण घासलेलं नसलेलं घ्या, बोटावर फिरवा, कानाशी धरा, खरखर आली तर परत द्या. वर्षभर मेलेला त्यांचा आवाज त्या बोलण्यात जिवंत झाला. हातसुद्धा हलू लागले. आपण काय सांगतो आहोत हे त्यांना समजतच नव्हतं.

दार वाजलं. मनकर्णा ओसरीवर आली. डोक्यावर पदर नव्हता. इतक्या वर्षांत यादोरावांनी तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला, आणि तो इतका तरुण असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. कोपऱ्यातला बाभळीचा ठोकळा तिनं उचलला, त्यांच्यापुढे ठेवला आणि सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली, "हेही सांगा त्यायले."

ती आत निघून गेली. यादोरावांनी ठोकळा वासुदेवरावांकडे सरकवला. "हा लावा. हात जोडतो तुम्हाले. याच्याबिगर बेअरिंग लावू नका."

वासुदेवरावांनी ठोकळा हातात घेतला, वर-खाली करून तोलला, आणि हळूच खाली ठेवला. "वजन आहे जी याले," ते म्हणाले.

त्या हंगामात पटावर निम्मे छकडे बेअरिंगचे होते. ठोकळा एकालाही नव्हता. यादोराव पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक पटाला जात राहिले, बगलेत तो ठोकळा घेऊन, प्रत्येक धुरकऱ्याच्या पाया पडत. लोक म्हणायचे, भाऊ गेला तेव्हापासून डोक्यावर परिणाम झाला. संध्याकाळी घरी आले की ते ओसरीवर बसायचे आणि दाराकडे कान लावायचे, निदान शिव्या द्यायला तरी ती पुन्हा एकदा बोलेल म्हणून. दाराआडून रोजचाच आवाज यायचा. "जाऊबाई, भासऱ्यायले म्हणावं, पाणी ठेवलं."