शेवट कापणारे शेठ

"वहिनी, निर्धास्त न्या. कोणी मरत नाही!"

काउंटरवरून कॅसेट सरकवताना शेठ हे म्हणायचेच, आणि वर कॅसेटला दोनदा थोपटायचे.

शारजाच्या रोल्ला भागात त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. माणूस कोकणातला, लांज्याचा. 'शेठ' ही पदवी गिऱ्हाइकांनी दिलेली; दुकान एका अरबाच्या नावावर होतं. नव्वदच्या दशकात तुम्ही शारजात राहिला असाल, तर अमेरिकन सिनेमा तुम्हीही त्यांच्याच हातचा पाहिला असणार. हातचा म्हणजे अगदी हातचा. मागच्या खोलीत दोन व्हीसीआर जोडून ते कॅसेटच्या नकला काढत आणि नायक मरायला टेकला की रेकॉर्डिंग थांबवत. मग त्याच सिनेमातला सुरुवातीचा एखादा हसताखेळता प्रसंग शेवटी जोडून देत.

माझ्या बायकोला एकदा शंका आली. "अहो शेठ, मघाशी त्याचं टक्कल केलं होतं ना? मग शेवटी एवढे केस कुठून आले?"

"अमेरिकेत केस लवकर वाढतात, वहिनी."

तिला पटलं. मलाही पटलं. अमेरिकेबद्दल आपल्याला काहीही पटतं.

घोटाळा झाला तो आमच्या मुलीमुळे. युद्धावरच्या एका सिनेमातला नायक घरी परततो, असं ती वर्गात छातीठोकपणे सांगून आली. मैत्रिणीकडे नवाकोरा डीव्हीडी प्लेयर होता. त्यात तो नायक व्यवस्थित मेला होता. सगळा वर्ग हसला. मुलगी दप्तरासकट तडक दुकानात शिरली, मागोमाग मी.

"अंकल, यू कट द एंडिंग! दॅट्स चीटिंग!"

शेठ म्हणाले, "बेटा, शुक्रवारी मजुरांच्या कॅम्पवर तीस-तीस माणसं एका टीव्हीसमोर बसतात. दोन-दोन वर्षं घर बघितलेलं नसतं. त्यांना रडवून झोपवू? इधर रोने के लिए सिनेमा कशाला पाहिजे?"

पुढच्या आठवड्यात मुलीने गुपचूप दुसरी कॅसेट आणली. मला तेव्हा शेठ फार आवडले.

पण चकती कापता येत नाही. डीव्हीडी आली तशी गिऱ्हाइकं पांगली, आणि उरलीसुरली मॉलमधल्या थिएटरने ओढली. शत्रू एकदा पाहून तरी घ्या, म्हणून मी शेठना तिथे नेलं. आवाजाने खुर्ची हादरत होती, शेठ मात्र टक लावून बघत होते. पडद्यावर नायकाला गोळी लागली तसे ते ताडकन उठले.

"यल्ला, चला! पार्किंगला गर्दी होईल."

आम्ही टॅक्सीने आलो होतो.

पुढे एका डीव्हीडीत चक्क दोन शेवट निघाले, एक दाखवलेला आणि एक गाळलेला. गाळलेल्यात नायक जगला होता. शेठनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. "बघितलंत? अमेरिकावाल्यांना अक्कल आली शेवटी!" अक्कल आली, पण तोवर दुकान खलास झालं होतं. जन्मभर दुसऱ्यांचे शेवट गोड केले, स्वतःच्या दुकानाला मात्र त्यांना काही जोडता आलं नाही.

गावी परत जाताना विमानतळाच्या दारातच त्यांनी आम्हाला अडवलं. "इथूनच फिरा. आत जाताना बघायचं नाही."

मग जानेवारीत त्यांचा फोन आला. आंब्याच्या कलमांना मोहोर आलाय, खाली खाट टाकून बसतो, म्हणाले. ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलाचा फोन आला. शेठ गेले.

त्याच आठवड्यात मुलीने फोनवर विचारलं. ती तेव्हा शिकायला अमेरिकेत होती, एकटीच.

"बाबा, हाऊ इज शेठ अंकल?"

"मजेत आहेत," मी म्हणालो. "मोहोर आलाय. खाली खाट टाकून बसलेत."

"मोहोर? इन ऑगस्ट?"

"कोकणात लवकर येतो, बाळा."

ती म्हणाली, "ओके, बाबा."