भिंतीखालचं पाणी

सोमवारी सकाळी माणूस कुदळ घेऊन येणार आणि गिरिजाची बावीसच्या बावीस झाडं मुळासकट निघणार, ही गोष्ट फेल्सीबाईंच्या डोक्यातून जाईना. रविवारच्या मिस्साला गुडघे टेकले तेव्हा जाईना, घरी येऊन बांगड्यांच्या कालवणात कोकम टाकलं तेव्हाही जाईना. झाडं गेली की गिरिजा घराला कुलूप लावून कारकळला भावाकडे राहणार, तिथल्या काजूच्या कारखान्यात सोलणीला बसणार. बाईने पन्नाशी ओलांडलेली. गुडघे कुरकुरतात. दिवसभर बसून राहायचं, बोटांना चीक लागणार, आणि भावजय कशी आहे ते तर साऱ्या आळीला माहीत.

काळजी खरी होती. पण तिच्या तळाशी काय बसलं आहे ते फक्त फेल्सीबाईंना ठाऊक होतं. नवऱ्याला, ग्रेशियनला, अर्धं ठाऊक होतं, आणि तो उरलेलं विचारत नव्हता.

कटपाडीपासून आत गेलं की ही आळी. सात घरं, आणि सातही घरांच्या अंगणात मल्लिगे, म्हणजे इथला मोगरा. तीस वर्षांपूर्वी गिरिजा लग्न होऊन आली तेव्हा तिच्या अंगणात फक्त दोन माड होते. नवरा ताडी उतरवायचा. चौथ्या वर्षी तो माडावरून पडला आणि आठवडाभर तग धरून गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हा फेल्सीबाईंच्या सासूने चिऱ्याच्या भिंतीवरून मोगऱ्याच्या चार फांद्या तिच्या हातात दिल्या होत्या. "लाव. पोटापुरतं देईल," एवढंच म्हणाली होती म्हातारी. त्या चार फांद्यांची बावीस झाडं झाली. सासू मात्र मरेपर्यंत सुनेला सांगत राहिली, "बघ, माझ्याच फांद्या, पण तिच्या हाताला कशा लागल्या."

हे पहिलं कुसळ. नंतर पुष्कळ टोचली.

ह्या धंद्यात हेवा करायला तशी जागा थोडी. आठशे फुलांचा एक चेंडू, चार चेंडूंचा एक अट्टा, आणि अट्ट्याचा भाव रोज सकाळी फूलव्यापाऱ्यांच्या कट्ट्यावर ठरतो तो सगळ्यांना सारखाच. कुणाची फुलं दोन रुपये चढी नाहीत, कुणाची दोन रुपये उतरती नाहीत. आज भाव पडला म्हणून फुलं उद्यावर ठेवता येत नाहीत, कारण संध्याकाळी कळी उमलली की तिला कुणी विचारत नाही. घासाघीस नाही, गिऱ्हाईक पळवणं नाही. अशा ठिकाणी बघायचं काय, तर कुणाच्या टोपलीत किती चेंडू पडले. फेल्सीबाईंची वीस झाडं होती. त्यांचे तीन चेंडू व्हायचे, फार तर चार. गिरिजाचे सहा. थंडीत, जेव्हा साऱ्या गावाची झाडं आखडतात आणि भाव आभाळाला भिडतो, तेव्हाही तिचे चार ठरलेले.

आळीच्या तोंडाशी खुरीस आहे, दगडी क्रूस. तिथे साडेनऊला फुलं गोळा करणारा रघुराम स्कूटर घेऊन यायचा आणि सगळ्यांचे चेंडू केळीच्या पानात गुंडाळून टोपलीत रचायचा. फेल्सीबाईंचा एखादा चेंडू तो मधूनच उलगडून मोजायचा. गिरिजाचा कधीच मोजत नसे.

"माझेच बरे मोजतोस रे," त्या एकदा म्हणाल्या.

"बाई, त्यांच्या चेंडूत आठशेपाच निघतात. ते मोजत बसलो तर मलाच लाज वाटेल."

गिरिजा बाजूला उभी राहून हसली. तिच्या फुलांचं कुणी कौतुक केलं की तिचं उत्तर ठरलेलं: "माझं काय आहे त्यात. पंजुर्लीची माया." पंजुर्ली हे तिच्या घराण्याचं दैव; डिसेंबरात त्याचं नेम, वर्षाचा उत्सव, असायचं तेव्हा ती दोन अट्टे फुलं नेऊन द्यायची. सप्टेंबरात चर्चमध्ये मोंती सायबिणीला फुलं वाहायचा सण आला की फेल्सीबाईंच्या जोविटाला ओंजळभर वेगळी ठेवायची. जोविटा फुलं गुंफायला शिकली तीही गिरिजाच्या ओसरीवर, केळीचा दोर पायाच्या अंगठ्याला अडकवून. आता पोरगी बेंगळूरूला नर्स आहे. सुट्टीला आली की पिशवी दारात टाकून आधी भिंतीपलीकडे जाते. फेल्सीबाई तोवर चहाचं आधण पुन्हा तापवतात.

गेल्या पावसाने भिंतीचे दोन चिरे ढासळले. ऑक्टोबरात ग्रेशियन ते बसवायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"इकडे ये गं जरा. गंमत बघ."

गोठा वरच्या अंगाला होता. तो धुतल्यावर पाणी कुठे जातं ह्याचा विचार घरात कुणी कधी केलेला नव्हता. जायचं आपलं गवतात. ते गवतातून झिरपत दहा पावलं खाली उतरत होतं आणि भिंतीच्या पायातून थेट गिरिजाच्या अंगणात मुरत होतं. तिकडची माती काळीभोर होती. भिंतीच्या अलीकडची, फेल्सीबाईंच्या झाडांखालची, विटेसारखी लाल.

"आपली चंद्री गाय इतकी वर्षं गिरिजाच्याच नोकरीत आहे," ग्रेशियन म्हणाला.

"आणि पगार कोण खातं?" फेल्सीबाई म्हणाल्या.

ग्रेशियन हसला. त्या हसल्या नाहीत. वीस वर्षांचं कोडं असं भरदिवसा उलगडल्यावर त्यांच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. म्हणजे हात नव्हे, गुण नव्हे, पंजुर्लीही नव्हे. गोठा माझा, गाय माझी, पहाटे उठून पेंड मी भिजवते, शेण मी काढते, आणि चेंडू मात्र तिच्या टोपलीत. गिरिजाने काही चोरलेलं नव्हतं, तिला ह्याची गंधवार्ताही नव्हती, हे फेल्सीबाईंना कळत होतं. पण त्यामुळे राग निवण्याऐवजी वाढतच होता. चोरी असती तर निदान भांडता आलं असतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ग्रेशियनकडून चर खणून घेतला. गोठ्याचं पाणी वळवून थेट स्वतःच्या झाडांकडे. चर खणताना त्याने एकदा विचारलं, "आणि तिच्या झाडांचं?"

"तिची झाडं मायेवर वाढतात असं तीच सांगते ना? वाढू देत."

जानेवारी उजाडता उजाडता गिरिजाची झाडं पिवळी पडली. आधी खालची पानं, मग शेंडे. थंडीतल्या ठरलेल्या चाराचे तीन झाले, तीनाचा दीड. एका दुपारी ती तळहातावर एक पान घेऊन आली. आली आणि नेहमीसारखी पायरीवरच बसली; आत बोलावलं तरी ती आत बसत नसे.

"बघा हो फेल्सीबाई. कीड नाही, बुरशी नाही. पेंड घातली, शेण विकत आणून घातलं. तुमच्या सासूबाई असत्या तर सांगितलं असतं त्यांनी."

फेल्सीबाईंनी पान हातात घेतलं. शिरा हिरव्या आणि मधलं सगळं हळदीसारखं.

"माझंच चुकलं," गिरिजा खालच्या आवाजात म्हणाली. "कुणाला सांगू नका. यंदा नेमाला एकच अट्टा दिला. भाव इतका चढला होता, मोह झाला. म्हटलं, दैव काय मोजायला बसलंय? बसलं होतं."

त्या वेळी बोलता आलं असतं. पायरीवर दुसरं कुणी नव्हतं. जीभ एकदा हललीसुद्धा. पण बाईचा तो पडलेला चेहरा, कपाळावर आलेले घामट केस, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने मान खाली घालून काहीतरी मागणं, हे बघताना फेल्सीबाईंना जे वाटलं त्याला आनंद म्हणायला जड जातं. दुसरा शब्द मात्र सापडत नाही.

"औषध मारून बघ," त्या म्हणाल्या. "आणि थांब, कॉफी टाकते."

स्वतःच्या झाडांकडे वळवलेलं पाणी तरी सुखाने लागावं? तेही नाही. चराच्या तोंडाशी असलेली पाच झाडं महिनाभर तरारली आणि मग पानांच्या कडा जळल्यासारख्या काळ्या पडल्या. ग्रेशियनने माती हुंगली.

"पूर्वी दहा पावलं गवतातून गाळून जायचं, तेव्हा ते खत होतं. आता आपण नुसतं मूत ओततोय मुळांवर."

"मग आधी का नाही बोललात?"

"आधी तू ऐकण्यात होतीस?"

चर बुजवायला हवा होता. पण तो बुजवला की पाणी पुन्हा भिंतीखालून जाणार. पाच झाडं जळताना दिसत होती तरी फेल्सीबाई आज करू, उद्या करू म्हणत राहिल्या.

गेल्या बुधवारी गिरिजाने खुरसापाशीच सांगून टाकलं की ती झाडं काढणार. जागेवर सुपारी लावायला एक जण तयार आहे, तोच माणूस पाठवून झाडं उपटून नेईल. गुरुवारी ती कारकळला गेली, कारखान्याच्या मुकादमाला भेटायला. सोमवारी सकाळच्या बसने येणार होती. झाडं निघताना तिथे असायला हवं, म्हणाली, माणूस गेल्यावर घरच्यांनी असावं तसं.

शनिवारी रघुरामने टोपली बांधता बांधता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मंगळवारपासून मी आळीत वळणार नाही. फुलं घेऊन हमरस्त्यावर यायचं. साडेआठच्या आत."

हमरस्ता तीन किलोमीटर. साडेआठच्या आत म्हणजे खुडणं अंधारात आणि गुंफणं चालता चालता. पलीकडच्या दोन घरांतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"असं कसं रे," फेल्सीबाई म्हणाल्या. "एकटी गिरिजा गेली म्हणून काय झालं? माझी फुलं आहेत की. बाकीच्यांची आहेत."

रघुरामने टोपलीची गाठ दातांनी ओढली. "बाई, राग मानू नका. तुम्हा सगळ्यांचे मिळून सात-आठ चेंडू. तेवढ्यासाठी पेट्रोल जाळून कोण वळेल? मी गिरिजाअक्कांच्या फुलांसाठी वळायचो, यंदा कमी आली तरी पुन्हा धरतील म्हणून. तुमची वाटेत मिळायची."

तुमची वाटेत मिळायची. ते वाक्य घेऊन फेल्सीबाई घरी आल्या. ऑक्टोबरापासून त्यांच्या मनात एकच होतं, की वीस वर्षं आपलं काहीतरी भिंतीखालून तिच्याकडे वाहत गेलं. आणि रोज सकाळी रघुरामची स्कूटर आपल्या दाराशी येत होती ती तिच्या जिवावर, ह्याचा त्यांना पत्ता नव्हता. ह्यातही गिरिजाचाच वरचष्मा. कुणावर उपकार करायचे तेही तिने न सांगता, न कळता करून ठेवलेले.

संध्याकाळी जोविटाचा फोन. "मम्मी, गिरिजाआंटीशी बोलले मी. झाडं काढतेय म्हणाली. मला रडूच आलं."

"मला डेंगी झाला तेव्हा नाही रडलीस ती."

"मम्मी, तू बरी आहेस ना?"

"झोप जा. ड्यूटी असेल सकाळी."

आणि आता रविवारची दुपार. ग्रेशियन जेवून ओसरीवर आडवा झाला होता. फेल्सीबाई भांडी विसळून मागच्या दारी आल्या. भिंतीवरून गिरिजाचं अंगण दिसत होतं. तीन दिवस खुडणारं कुणी नसल्यामुळे त्या पिवळ्या झाडांवर जी काही थोडी फुलं आली होती ती तशीच उमलून करपली होती. जाताना तिने आळं करून प्रत्येक झाडाला पाणी घातलं होतं. उद्या उपटायच्या झाडांना.

फेल्सीबाईंनी कोपऱ्यातली कुदळ घेतली. चराच्या तोंडाशी आठ-दहा घाव घालून माती ओढली, पायाने दाबली. मग गोठ्यातली बादली आणून जुन्या वाटेवर ओतली. पाणी जरा घुटमळलं, गवतात शिरलं, आणि थोड्या वेळाने भिंतीच्या पायाशी ओल दिसायला लागली.

"शेवटी बुजवलास," ओसरीवरून आवाज आला. म्हणजे तो जागाच होता.

"तुमची ती पाच झाडं जळतायत म्हणून."

"बरं," ग्रेशियन म्हणाला आणि कुशीवर वळला.

पण नुसता चर बुजवून भागणार नव्हतं. झाडं धरायला दोन महिने लागतील, आणि कुदळवाला उद्या येणार. गिरिजाला खरं सांगितल्याशिवाय ती थांबणार नाही. दैव कोपलं म्हणून मानणारी बाई उगीच दोन महिने कशाला थांबेल?

त्या मोबाइल घेऊन पायरीवर बसल्या, गिरिजा बसायची तिथेच. हे आपण तिच्या गुडघ्यांसाठी करतोय की रघुरामच्या स्कूटरसाठी, ह्याचा निवाडा आधी करून घ्यावा असं त्यांना वाटलं. बराच वेळ गेला आणि निवाडा झाला नाही.

काय होणार तेही त्यांना दिसत होतं. गिरिजा म्हणेल, "म्हणजे माझ्या दैवाने काही केलं नाही तर," आणि सगळ्यात आधी त्यानेच तिचा जीव हलका होईल. मग कदाचित चिडेल, कदाचित नाही. बहुतेक नाहीच. एक-दोन दिवसांत खुरसापाशी येऊन सगळ्यांदेखत ती त्यांच्या हातातला चेंडू बघेल आणि नेहमीसारखी बोलेल. आळीत बोलबाला होईल, बघा, फेल्सीबाईंनी असं केलं आणि गिरिजाने एका शब्दाने दुखावलं नाही. त्यातही तीच मोठी ठरणार. ते फेल्सीबाईंना आत्तापासूनच सलायला लागलं होतं.

त्यांनी पदराला हात पुसले आणि गिरिजाचा नंबर लावला.