भरलेली कोठी आणि चार तारांची गिटार

माझ्या जावेचा हात माझ्याआधी बेस गिटारवर बसला, हे मी आज शांतपणे लिहिते आहे. त्या वर्षी हे कोणी माझ्या तोंडावर म्हटलं असतं, तर मी त्याला साधा चहासुद्धा विचारला नसता.

तर झालं असं. आम्ही खोपोलीला शिळफाट्याच्या बाजारामागे राहायचो. ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचे हे कागदाच्या कारखान्यात, आणि धाकटे दीर नोकरी सांभाळून ऑर्केस्ट्रा चालवायचे. त्यांच्यातला बेसवाला लोधिवलीचा. त्याला आखातात नोकरी लागली, तेव्हा आपली चार तारांची गिटार तो आमच्याकडे ठेवून गेला. ती हातात घ्यायला कोणी तयार होईना. पोरांना एक तर गायचं असायचं, नाहीतर बँजो वाजवायचा. बेस म्हणजे मांडवाचे खांब. लग्नात खांबांकडे कोण बघतं? शेवटी दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही दोघी शिका. जिचा हात बसेल ती गणपतीत स्टेजवर. बाई वाजवतेय म्हटल्यावर अख्खं खोपोली लोटेल बघा."

दोघी म्हणजे मी आणि माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको. ती कर्जतची, नुकतीच लग्न होऊन आलेली. येताना माहेराहून आरशाचं लाकडी कपाट घेऊन आली होती. आमच्या घरात तोवर आरसा म्हणजे खिळ्याला टांगलेला तळहाताएवढा.

मला स्टेजवर जायचंच होतं. का, तर तांदळाच्या भाकऱ्या पांढऱ्याशुभ्र झाल्या म्हणून आजवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. एवढंच कारण. ते पुरेसं होतं.

बेसवाल्याने जाण्यापूर्वी बोटं कुठे ठेवायची ते आम्हा दोघींना दाखवलं होतं. पुढचं शिकणं कॅसेटवर. तेव्हा आखातात पत्रं थोडी आणि कॅसेटी जास्त जायच्या. लोधिवलीला त्याची आई कॅसेटमध्ये बोलायची, "बाला, भात झोडून झालं रं, म्हस गाभन हाय," आणि उरलेली फीत आम्हाला द्यायची. तिच्यात आम्ही दोघी एकच गाणं आपापलं वाजवून भरायचो. कोणी गावाकडचा तिकडे निघाला की कॅसेट त्याच्या पिशवीतून जायची. महिना-दीड महिन्याने बेसवाल्याचं उत्तर, तेही कॅसेटवर, आईच्या नावाने यायचं. म्हणजे आमच्या चुका ऐकायला आम्ही एस्टीने लोधिवलीला जायचं, आणि तिथे पडवीत शेजारपाजारच्या बाया आधीच पाय पसरून बसलेल्या.

आवाज मोठा करायचा खोका आमच्याकडे नव्हता. तो मांडववाल्याचा, कार्यक्रमापुरता यायचा. खोक्याशिवाय ती गिटार म्हणजे मच्छर गुणगुणल्यासारखी. पण बेसवाला सांगून गेला होता, गिटारची कड लाकडाला घट्ट टेकवा, लाकूड बोलेल. जाऊ तिच्या खोलीत कपाटाला टेकवून बसायची. मी माजघरात, भाताच्या लाकडी कोठीला. कोठीची किल्ली माझ्या कमरेला असायची ना! घरातली सगळ्यात जड, सगळ्यात जुनी लाकडी वस्तू ती. मला वाटायचं, तिच्यापुढे त्या आरशाच्या कपाटाची काय किंमत?

सुट्टीच्या दिवशी दुपारी भांडी झाली की दीर मांडीवर ताल धरून सिनेमातलं गाणं म्हणायचे, आम्ही पाळीपाळीने साथ करायची, टेप चालू. घाट चढणारा ट्रक आला की सगळं थांबवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

पहिलं उत्तर आलं. म्हातारीने टेपचं बटण दाबलं. आईची विचारपूस झाली, म्हशीची झाली, आणि मग, "धाकट्या वहिनी, वा! सूर कसा गोल येतोय. थोरल्या वहिनी, तुमचा नुसता धप्प धप्प आवाज येतो. बोट नीट दाबा, घाबरू नका."

"घाबरते व्हय गं तू?" म्हातारीने मला विचारलं. बाया हसल्या. जाऊ खाली मान घालून बसली होती. ती हसली असती तर बरं वाटलं असतं, निदान भांडायला जागा राहिली असती.

मग मी बोटं दाबली. टोकं सोलून निघाली, मिरची कुटताना डोळ्यांतून पाणी यायचं. दुसरं उत्तर आलं, तर पुन्हा तेच. "धाकट्या वहिनी, झकास. थोरल्या वहिनी, अजून दाबा."

तेव्हापासून मला तिचं काहीच सहन होईना. ती आमटी ढवळायला लागली की वाटायचं, ढवळतानाही ताल धरते मेली. तिची वेणी, तिचं हळू बोलणं, 'ताई, ताई' करणं, सगळं टोचायचं. ती वाजवायला बसली की मी मुद्दाम खलबत्ता काढायची. आणि तरी कान तिच्याच खोलीकडे. गिटार एकच, गाणं एकच, माझी बोटं तर तिच्याहून राकट. मग हिचा गोल आणि माझा धप्प कसा?

एक दिवस गिरणीत द्यायला भात काढत होते. झाकण लावताना कोठीवर थाप पडली. धप्प! मी थांबले. पुन्हा मारली. धप्प. जाऊ बाहेर कपडे वाळत घालत होती. मी तिच्या दारात उभी राहिले, हात लांब करून तिच्या निम्म्या रिकाम्या कपाटावर टिचकी मारली, तर आतून घुमल्यासारखं दुम्म! माझी कोठी गळ्यापर्यंत भाताने भरलेली. भरल्या लाकडाला आवाज कुठून येणार? इतके दिवस मी भाताच्या पोत्यालाच गिटार टेकवून बसले होते म्हणा ना. कोठी भरलेली आहे हा माझा मोठा मान, आणि त्या मानानेच माझा सूर गिळला होता.

आता कपाट मागायचं होतं, आणि तेही हिच्याकडे. दोन दिवस तोंड उघडेना. शेवटी पाट्यावर चटणी वाटता वाटता म्हटलं, "तुझ्या कपाटाला टेकवून बघू का गं एकदा?"

"त्यात विचारायचं काय, ताई?" म्हणाली, आणि लगेच उठून कपाटासमोरची ट्रंक सरकवली. वर माझ्याखाली उशीसुद्धा दिली. मागितल्यावर जरा तोंड वाकडं केलं असतं तर काय बिघडलं असतं तिचं!

ती कॅसेट गेली. उत्तर येईपर्यंत मी मनातल्या मनात स्टेजवर कुठलं लुगडं नेसायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

लोधिवलीच्या पडवीत पुन्हा बटण दाबलं गेलं. "थोरल्या वहिनी, आता कसा आवाज आला! बोट तर पक्कं आहे तुमचं." मी बायांकडे बघून घेतलं. टेप पुढे बोलतच होता. "पण आवाज आल्यावर आता कळतंय, तुम्ही पळता. गाणारा दम घेतो तिथे तुम्ही थांबत नाही, पुढच्या सुरावर आधीच जाऊन उभ्या राहता. धाकट्या वहिनी थांबतात. गणपतीत त्यांनाच बसवा."

"पलते? कुटं पलते ही?" म्हातारी म्हणाली. "हितंच तर बसलीय!"

पडवी हसून लोळली. मीही हसले, काय करणार? म्हणजे कोठीतल्या भाताने माझा सूर गिळला तसं माझं पळणंही इतके दिवस झाकून ठेवलं होतं. लाकूड बोललं, पण माझ्याविरुद्ध.

परतताना एस्टीत जाऊ म्हणाली, "ताई, रागावू नका. पण वाजवताना तुम्ही अशा घाईत असता, जसं कोणी मागे लागलंय."

मागे लागलेली माझ्याच शेजारी खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. सोललेल्या निम्म्या तिने माझ्या ओंजळीत टाकल्या. त्याही मी रागाने खाल्ल्या.

गणपतीत शिळफाट्याला मांडव पडला. जाऊ स्टेजवर मागे उभी, गळ्यात गिटार, अंगावर हिरवी साडी. ती साडी मीच काढून दिली होती. दीर म्हणाले म्हणून. मांडववाल्याचा मोठा खोका आला होता. पहिला सूर निघाला आणि माझ्या बसायच्या फळीतून वर चढला. काय थांबत होती ती! गाणारा दम घ्यायचा, आणि ती तेवढा वेळ नुसती उभी. त्या थांबण्याचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटला.

शेजारी खालापूरकडची एक अनोळखी बाई बसली होती. म्हणाली, "ती हिरव्या साडीतली नुसती उभीच हाय का वो? तिचं काय ऐकूच येत नाय."

मला इतका संताप आला! "ऐकू येत नाय काय? हात ठेवा या फळीवर. हां. आता हे, आता हे, आणि आता थांबली बघा. ते सगळं तिचं."

बाईने फळीवर हात ठेवला. जरा वेळाने म्हणाली, "आगं बाई, हाय की! तुमची कोन ती?"

"जाऊ."

"आन् तुमाला बरं कळतंय ह्यातलं?"

"मलापण येतं वाजवायला," मी म्हटलं.

"मग तुमी का नाय वर?"

गाणं संपत आलं होतं. माझा पाय शेवटच्या ठेक्याच्या आधीच जमिनीवर पडला.

"मी पळते," मी म्हटलं.