पन्नास पावलं हललेला दगड

चाकूरच्या रस्त्यावर मी कामाला टिकलो तो एका निवृत्त मैलकुलीमुळं. मैलकुली म्हणजे रस्त्याचा ठरलेला तुकडा सांभाळणारा, खड्डे बुजवणारा सरकारी माणूस. तुमच्याही वाटेवर असा एखादा तुम्ही पाहिला असेल. आम्ही त्यांना मामा म्हणायचो.

नोकरी संपून वर्षं झाली, तरी मामा रोज दुपारी कडुलिंबाखालच्या किलोमीटरच्या दगडापाशी यायचे. दगडाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "हजर हाय, सायेब." मग त्यालाच टेकून भाकर सोडायचे.

"सायेब काही बोलत न्हाई का?" मी एकदा विचारलं.

"बोलत न्हाई म्हणून तर निभलं!"

रस्ता चौपदरी होत होता. "आधी जिल्ह्याचा व्हता, मग राज्याचा झाला, आता देशाचा," मामा म्हणायचे. "ह्याला बढती मिळत गेली. मी मैलकुलीचा मैलकुलीच."

मी उमरीचा, आठवीत शाळा सोडलेला. काम टेप धरायचं. चुकेन या भीतीनं एकेक माप तीनदा घ्यायचो. तरी घोळ झालाच. नकाशात दगडापासून अंतर दिलं होतं, तिथं मी मोरीची, म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायच्या वाटेची, खूण केली. मशीननं खोदलं, आणि झुडपांत बुजलेला कोरडा ओढा निघाला पन्नास पावलं पलीकडं.

"अंगठेबहाद्दर कुठला! आजच गावाकडं नीघ," इंजिनिअर ओरडले. मी टेप गुंडाळायला लागलो.

मामा भाकर ठेवून उठले. "ह्याचं माप बरोबर हाय. दगड चुकलाय."

"दगड कसा चुकेल?"

"मी हलवलाय." मामा खाली बघत होते. "बायको भाकर आणायची. दगडापाशी थांब म्हणलं व्हतं. तिथं लई ऊन. मग चार गडी लावून दगडच लिंबाखाली आणला."

कुणी हसलं नाही. मामी जाऊन कैक वर्षं झाली होती. मामा रोज तिथंच का जेवतात, ते तेव्हा कळलं.

मी कामावर राहिलो. दगड मूळ जागी, उन्हात गेला. रुंदीकरणात लिंबही पडला. दुसऱ्या दिवशी मामा आले, दोन्ही जागांकडं बघितलं, आणि कुठंच बसले नाहीत. पुन्हा आलेच नाहीत.

आता मी ओडिशात दुसऱ्या महामार्गावर माप घेतो. इथं माझं बोलणं कुणाला कळत नाही. सकाळी पहिल्या दगडावर हात ठेवून हळूच म्हणतो, "हजर हाय, सायेब."

मामा, गावाकडं आलो की त्या दगडापाशी कडुलिंब लावीन. दगड आता हलायचा नाही. सावलीच तिथं आणीन. झाडाला वेळ लागंल. तुम्ही थांबा.