पालखी आणि मीटिंगची खोली

सन २००४, मी अठ्ठेचाळीस वर्षांचा. पोलादपूरहून येऊन बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात कंत्राटी शिपाई होतो. नव्या प्लास्टिकचा वास आला की तिथली मीटिंगची खोली आठवते. मुंबईच्या इंजिनीअरने तिथे पडदा, कॅमेरा, माईक लावले आणि कपाटात सर्व्हर ठेवला. म्हणाला, "मुंबईतून साहेबांनी कॉल लावला की यातला प्रोग्राम इकडचं चित्र, आवाज आपोआप जोडतो." मी विचारलं, "खोलीत साहेबलोक नसले तरी?" तो हसला, "काका, तुमचं बोलणं ऐकायला कोण बसलंय?" ते मला लागलं. संध्याकाळी साहेब गेल्यावर आम्ही कंत्राटी माणसं नेहमीसारखी तिथेच चहाला बसलो. शिमग्यात गावदेवाची पालखी घरोघरी येते, त्यासाठी मागितलेली रजा नाकारली होती, म्हणून सगळ्यांनी एकदम दांडी मारायचं ठरवलं. तेवढ्यात कॅमेऱ्याचा हिरवा दिवा माझ्या नजरेस पडला. माझा कामातला जोडीदार म्हणाला, "दिवा हाय तो, डोळा नाय. मुकाट चा पी." मी कप खाली ठेवला. मुंबईत ऐकलं असेल तर सगळ्यांना काढतील, हेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्वांआधी गेलो, साहेबांच्या खुर्चीत बसलो, बाकी कुणाचं नाव न घेता कॅमेऱ्याला माझं नाव-गाव सांगितलं आणि म्हणालो, "पालखी दारात येईल तेव्हा मी घरीच असणार. चोरून कशाला ऐकता, तोंडावर सांगतो."