ओलं पोतं

नोकरीतली शेवटची बावीस वर्षं मी झाशीत रेल्वेचे रूळ सांभाळले. मोठ नावाच्या स्टेशनापर्यंतचा पट्टा माझ्याकडे होता. मे महिन्यात रूळ तापून वाकायची भीती, म्हणून भर दुपारी गँगमन घेऊन ट्रॉलीवरून फिरायचं. त्यामुळे मे महिन्यातली घरातली दुपार कशी असते, हे मला निवृत्त होईपर्यंत ठाऊकच नव्हतं. ही गोष्ट मी चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगत असे. मी ती सांगायला लागलो की बायको उठून आत जायची.

निवृत्तीनंतर आम्ही झाशीतच सीपरी बाजार भागात दोन खोल्यांचं घर घेतलं. मागे लहानसं अंगण, हातपंप आणि एक कागदी लिंबाचं झाड. त्या पहिल्याच उन्हाळ्यात मुलगा भोपाळहून नातवंडांना दोन आठवड्यांसाठी सोडून गेला. नात नऊ वर्षांची, नातू सहाचा. दोघांना मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतून यायचं.

मुलं करमणूक मागत नव्हती. सकाळी बादलीत आंबे भिजत घालायचे, हातपंपाखाली पाय धरून बसायचं, आजीने पाखरांसाठी टांगलेल्या मातीच्या परळात पाणी भरायचं आणि मग स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून कोण कोण येतंय ते बघायचं. चिमण्या यायच्या. सातभाई घोळक्याने येऊन भांडून जायचे. लिंबाच्या झाडात तर बुलबुलाचं घरटंच होतं आणि मुलं आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यात तीन पिल्लं निघाली. आजीचा नियम एकच, हातपंपाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. पिल्लांनी डोळे उघडले तेव्हा नातीने मला सांगितलं, "पापा लेने आएँगे ना, तब उनको दिखाऊँगी." रोज सकाळी उठल्याबरोबर ती आधी घरटं बघायची, मग तोंड धुवायची.

मीही त्या पायरीवर बसायला लागलो. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं, आणि आवडलं म्हणूनच मला त्यात काहीतरी करावंसं वाटलं. नुसतं बसून बघणं मला कधी जमलेलं नाही.

पिल्लं पाच-सहा दिवसांची झाली तेव्हा लू सुटली, अंग भाजणारा उन्हाळी वारा. घरट्यावर पश्चिमेचं ऊन थेट येत होतं. ट्रॉलीवर आम्ही पाण्याच्या घागरीला ओलं पोतं गुंडाळायचो, पाणी संध्याकाळपर्यंत गार राहायचं. मी गोणपाट भिजवलं आणि लिंबाच्या फांदीवर असं पसरलं की घरटं पुरतं झाकलं गेलं. बायको पायरीवरून म्हणाली, "अहो, तुम्ही यात पडू नका." मी म्हटलं, "उन्हाचं मला शिकवू नकोस."

बुलबुल चोचीत किडा घेऊन आली आणि विजेच्या तारेवर बसली. खाली येईना. पोत्याचा एक कोपरा वाऱ्यावर फडफडत होता. ती ओरडायची, उडायची, परत तारेवर यायची. नात म्हणाली, "आजोबा, हटा दीजिए ना. वो डर रही है." मी म्हटलं, "होईल सवय." बावीस वर्षं माझ्या हाताखालच्या एकाही माणसाने मला उलट सुचवलं नव्हतं, तर नऊ वर्षांच्या मुलीचं काय ऐकायचं? दोन तास मी हेका सोडला नाही. पुन्हा दोनदा पोतं भिजवून आलो.

तीन वाजता नातीने विचारणं बंद केलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. तेव्हा मी उठलो आणि पोतं काढलं. एक पिल्लू मेलं होतं. बाकीची दोन माना टाकून पडली होती.

मी पायरीपर्यंत मागे आलो. थोड्या वेळाने बुलबुल उतरली. संध्याकाळपर्यंत तिच्या खेपा चालू होत्या आणि दोन चोची वर दिसायला लागल्या. मेलेलं पिल्लू नातवाने आणि मी झाडाखाली पुरलं. नात आली नाही.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो आणि म्हटलं, "बेटा, मेरी गलती थी." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण जरा सरकून मला जागा दिली.

मुलगा न्यायला आला त्या दिवशी दोन्ही पिल्लं घरट्याच्या काठावर येऊन बसली होती. त्याचा हात धरून नात त्याला मागे घेऊन गेली. तो चालत गेला आणि हातपंपापाशी आपला आपण थांबला. हात मागे बांधले. त्याला नियम कुणीच सांगितला नव्हता.

मी विचारलं, "तुला कसं ठाऊक, इथेच थांबायचं?"

"रेल्वेच्या जुन्या क्वार्टरमध्ये, झाशीला यायच्या आधी, पेरूच्या झाडावर होतं ना घरटं. आईने असंच लांबून बघायला शिकवलं होतं," तो म्हणाला. "तिसरीत होतो मी. तुम्हाला दाखवायचं होतं. तुम्ही रोज म्हणायचात, उद्या."

"मग?"

"मग पिल्लं उडून गेली, बाबा."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला सोपं गेलं असतं. मी वळून पाहिलं, बायको पायरीवर उभी होती आणि या वेळी आत गेली नाही. तिला हे इतकी वर्षं ठाऊक होतं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

मी मुलाजवळ जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "आता दाखव."

तो चाळिशीला आलेला माणूस. त्याने हात मागून सोडवला आणि बोटाने लिंबाच्या झाडाकडे दाखवलं. "ते बघा, दुसऱ्या फांदीच्या आत. दोन आहेत."

नातीने तोंड उघडलं होतं, पण माझ्याकडे पाहून ती गप्प राहिली. मी मान पुढे केली आणि विचारलं, "कुठे रे?"