आज चहा झाला का?

आधी मॅडमचं सांगते, मग बाकीचं. मी नववीतून शाळा सोडलेली, वाशीमकडच्या खेड्यातून लग्न होऊन नाशकात आलेली. तोंड उघडलं की समोरचा विचारणार, "तुम्ही कुठल्या?" अशा बाईला मॅडमनी सर्व्हेच्या कामावर घेतलं आणि दुसऱ्याच आठवड्यात ते काम हातचं जाताना धरून ठेवलं. त्या नसत्या तर मी नाशकात राहिलेच नसते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ह्यांची अंबड एमआयडीसीतली कंपनी बंद पडली होती. आज उघडेल, उद्या उघडेल, असं चाललं होतं. सासरचं गावही वाशीमकडचंच, तिथून सासऱ्यांचा निरोप यायचा, "या निघून, इथे काय कमी आहे?" तिथे काय कमी आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. मला परत जायचं नव्हतं. म्हणून शालिमार चौकाजवळच्या सर्व्हेच्या ऑफिसचा जिना चढले. दारावर कागद लावलेला: बारावी पास पाहिजेत. मी मॅडमसमोर बसले आणि भीतीने आधीच सांगून टाकलं, "नववी. तीही अर्धी."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "लोकांशी बोलता येतं?"

"बाप्पा, बोलणं तर माझं थांबतच नाही."

"मग दोन आठवडे करा. काय करून राहिल्या ते बघू," त्या आमच्या वऱ्हाडी वळणात म्हणाल्या आणि हसल्या. माझ्या बोलीची त्यांनी तेव्हापासून जी टर उडवली ती कायमचीच. सुरुवातीला मला रडू यायचं. नंतर त्या साधं बोलल्या की काळजी वाटायची.

काम चहा पावडरच्या सर्व्हेचं होतं. घरोघरी जायचं, फॉर्ममधले प्रश्न जसेच्या तसे विचारायचे, एक शब्दही इकडचा तिकडे करायचा नाही. प्रश्न मुंबईच्या साहेबांनी इंग्रजीत केले होते आणि कुणीतरी त्यांचं मराठी केलं होतं. पहिला प्रश्न, घरात स्वयंपाक कोण करतं. दुसरा, "आज सकाळपासून आपल्या घरी चहा झाला का?" उत्तर 'नाही' आलं तर मुलाखत तिथेच थांबवून आभार मानायचे. 'हो' आलं तरच पुढचे वीसेक प्रश्न. मी ते सगळे आरशासमोर पाठ केले. ह्यांच्यावरही सराव केला. ह्यांनी प्रत्येक वेळी "झाला" सांगितलं, कारण चहा त्यांनी स्वतःच केलेला असायचा.

मला पंचवटी दिली होती. पहिल्या दिवशी मी इतका चहा प्यायले की रात्री छातीत जळजळ. दुसऱ्या दिवशी तेच. आणि फॉर्म मात्र सगळे दुसऱ्या प्रश्नावर संपलेले. नाही, नाही, नाही. मला यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. नियम पाळते आहे याचंच समाधान होतं.

दुसऱ्या आठवड्यात साहेब मुंबईहून आले. माझा गठ्ठा त्यांनी पत्ते पिसावेत तसा चाळला.

"पंचवटीत दुपारपर्यंत कुणी चहाच पीत नाही?"

मी फॉर्मवरच्या सूचनेवर बोट ठेवलं.

"बाकीच्या पोरांचे फॉर्म पूर्ण आहेत. बाई, तुम्ही हे घरी बसून भरलेत. मॅडम, शिकलेली माणसं घ्या म्हणून मी सांगितलं होतं."

मी खरंच गेले होते याचा पुरावा माझ्या पोटात होता, पण तो टेबलावर कसा ठेवणार? डोळ्यांसमोर वाशीमची एसटी दिसायला लागली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "उद्या मी हिच्याबरोबर जाते. परवा तुम्ही निघायच्या आधी बोलू."

दुसऱ्या दिवशी आम्ही भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत गेलो. पहिलंच घर फुलांचा मळा असलेल्यांचं. ओट्यावर आजी झेंडूची माळ ओवत बसल्या होत्या. मॅडम मागे उभ्या राहिल्या.

"आजी, तुमच्या घरात स्वयंपाक कोण करतं?"

"म्याच. दुसरं कोन करनार?"

आत सुनेने पातेलं जरा जोरात ठेवलं.

"दोघी लिही," आजी म्हणाल्या.

"आज सकाळपासून आपल्या घरी चहा झाला का?"

"नाय गं माय, कुठला व्हतोय. लय ऊन हाय, बसा दोघी. ए, च्या टाक."

मी 'नाही'वर खूण केली, हात जोडले आणि म्हणाले, "मुलाखत संपली. आभारी आहे."

"संपली? मंग च्या कुनासाठी टाकला?"

मॅडमचं लक्ष दारातून दिसणाऱ्या मोरीकडे होतं. तिथे कपबशांचा ढीग पडला होता. "आजी, खरंच सकाळपासून चहा नाही झाला?"

"दोनदा झाला की. पन दारात बाई उन्हाची येऊन इचारते, च्या झाला का. तिला झाला म्हनायचं व्हय? आमी काय तसल्यातले?"

मॅडम ओट्यावर बसल्याच. चहा पिऊन आम्ही पुढच्या घरी गेलो. तिथल्या काकांनी दार चार बोटं उघडलं. "चहा? केव्हाच झाला," म्हणाले आणि त्याच फटीतून उरलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. पाणीसुद्धा विचारलं नाही. माझा पहिला पूर्ण फॉर्म तो.

गल्लीच्या टोकाला आल्यावर मॅडम म्हणाल्या, "म्हणजे ज्यांच्याकडे चहा मिळत नाही, त्यांच्याचकडून आपण चहाची माहिती गोळा करून राहिलो." अनोळखी पोरांना कुणी आत घेत नाही, सगळीकडे "झाला" म्हणून उंबऱ्याबाहेरच ठेवतात, म्हणून त्यांचे फॉर्म भरलेले. माझी बोली ऐकून, माझा घाम बघून बायका आधण ठेवत होत्या आणि मी त्यांना 'चहा न पिणाऱ्या'त घालत होते.

परवा आला. साहेब निघायच्या तयारीत, समोर रिकामा कप, बशीत बिस्किटाचा चुरा. मी दाराशी उभी, हातात पिशवी, जणू थेट स्टँडवरच जायचंय. मॅडम कोरा फॉर्म घेऊन आत गेल्या.

"सर, आज सकाळपासून चहा झाला का?"

"नाही हो, कुठे. सांगा, तीन कप सांगा."

मॅडमनी खूण केली. "प्रश्न दुसरा, नाही. मुलाखत संपली. आभारी आहे."

साहेबांनी फॉर्मकडे पाहिलं, मग समोरच्या कपाकडे. "इंग्रजीत हा प्रश्न अगदी सरळ होता," ते म्हणाले.

"इंग्रजीत कुणी आधण ठेवत नसेल," मॅडम म्हणाल्या. "कालचं विचारू या. काल सकाळी उठल्यावर घरात आधी काय उकळलं? कालचा चहा कुणाला पाहुण्यापुढे ठेवता येत नाही."

साहेबांनी प्रश्न बदलला. माझ्याकडे बघून "हं" म्हणाले. माफी समजावी की खोकला, हे मी अजून ठरवलेलं नाही. तिसरा कप माझ्यासाठी आला. जळजळ होत होती, तरी मी तो निमूट संपवला. नको म्हटलं तर पुन्हा काही बिनसायचं.

मी तिथेच राहिले. पुढे ह्यांची कंपनीही उघडली. आता नव्या मुलींना मीच फिल्डवर नेते. प्रश्नावली आली की आधी ती घरी मोठ्याने वाचते आणि ऐकणाऱ्याला हा प्रश्न वाटतो की मागणं, ते बघते. सासूबाई आता आमच्याकडेच असतात, बहुतेक वेळा त्यांच्यावरच वाचते. त्यांना प्रत्येक प्रश्न म्हणजे मागणंच वाटतं, त्यामुळे तपासणी कडक होते.

मॅडम निवृत्त झाल्या. गुडघे दुखतात, फोनवर मात्र अजून विचारतात, "काय करून राहिल्या?" माझ्या माहेरचा हुरडा खायचा असं त्या गेली कित्येक वर्षं म्हणतात आणि मी दर थंडीत "पुढच्या वर्षी नक्की" म्हणते. यंदा मात्र गाडी करून नेणार आहे, गुडघ्यांना उशी घेऊन. शेतात बसवीन, आईच्या हातचा चहा पुढे ठेवीन. तो झाला का, ते विचारणार नाही.